राजवाडा पायी किती लांब?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘नागरी पुनरुज्जीवन आणि पादचारी-सायकल मार्ग’ असं छापलं आहे. नाव फार जड झालं, म्हणून मी ते एका प्रश्नात बसवतो. रामबागेतून राजवाड्यापर्यंत तुम्ही शेवटचे चालत कधी गेलात? अंतर पंधरा-वीस मिनिटांचं. आपल्या आज्या सकाळी भाजीला आणि संध्याकाळी कीर्तनाला असं दोनदा ते चालायच्या. आज त्याच अंतरासाठी नातवाला गाडी काढायला सांगावी लागते. नातू घरी नसला, तर कार्यक्रम बुडतो.

हे मी उगाच म्हणत नाही. आपल्या कार्यक्रमांना कोण येत नाही, ते बघा. सत्तरीपुढची मंडळी. त्यांना गाण्याचा कंटाळा आलेला नाही, गुडघेही बऱ्याच जणांचे ठीक आहेत. भीती वाटते ती रस्ता ओलांडायची. फुटपाथ असतो, पण त्यावर दुकानाची पाटी असते, पुढे स्कूटर, त्यापुढे उघडी नाली. मग माणूस रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न वाजतो. सुदामानगरच्या आजी आणि टिळकनगरच्या त्यांच्या मैत्रिणीची भेट लग्नकार्यातच होते, ती यामुळेच.

आता थोडं मागे जाऊ. शंभर वर्षांपूर्वी आपल्या शहरात एक स्कॉटिश गृहस्थ आले होते, पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण नाव झालं ते नगररचनेत. पुढे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात त्यांनी इंदूरचा अभ्यास केला आणि १९१८ साली दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. नगररचना शिकणारी जगभरची मुलं आजही तो वाचतात. आपण इंदूरकरांनी मात्र तो क्वचितच उघडला असेल.

गेडिसची पद्धत साधी होती. आधी गल्लीबोळ पायी हिंडायचे, मग कागदावर रेघ ओढायची. त्या काळी जुन्या वस्तीतून रुंद, सरळ रस्ता काढला की शहर सुधारलं, असं समजलं जाई. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. एखादं पडकं घर काढा, दोन गल्ल्या जोडा, मोकळ्या जागी झाड लावा, विहीर साफ करा, पण नांदती घरं पाडू नका. शल्यवैद्य निरोगी अवयवाला हात लावत नाही, तसं. यात खर्चही कमी येतो, हे त्यांनी हिशोब मांडून दाखवलं.

त्यांची दिवाळीची गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. शहरात प्लेगची भीती होती. महाराजांकडून त्यांनी एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं की यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं साफ आणि रंगवलेली दिसतील, तिथून ती जाईल. मग काय! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली, गाडे भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, डास होता, लक्ष्मी होती. आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून मानानं चालत होते. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर येऊ लागला, तेव्हा मला ही मिरवणूक हटकून आठवली. तिचं एक वैशिष्ट्य आपण मात्र विसरलो: तिच्यात माणसं पायी चालत होती.

नदीकाठ हा शहराचा दर्शनी भाग व्हावा, असाही गेडिसचा आग्रह होता. आपल्या कान्ह आणि सरस्वती या दोन्ही नद्या भरवस्तीतून वाहतात, शहराच्या पोटातच एकत्र होतात आणि पुढे कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. वर्षानुवर्षं आपण त्यांना नाला म्हणत आलो. सांडपाण्याची तोंडं बंद करण्याचं मोठं काम झालं आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. स्मार्ट सिटी योजनेत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळचा काठही बांधून काढला. सुंदर झाला आहे, संध्याकाळी जाऊन या. फक्त थोडं चाललं की वाट संपते. असे काठाचे तुकडे जोडले, तर रामबाग, कृष्णपुरा, जुनी इंदूर या वस्त्या एकही मोठा चौराहा न ओलांडता एकमेकींना लागतील. नदीनं ती वाट आखूनच ठेवली आहे.

ए. बी. रोडची गोष्ट अशी सुखाची नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाला. मधे बस, बाजूला मोटारी आणि कडेला चालणारे व सायकलवाले, अशी ती कल्पना. बस धावल्या, पण कडेची वाट पार्किंगनं आणि हातगाड्यांनी खाल्ली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो मार्ग हटवण्याला हिरवा कंदील दिला आणि आता बोलणं चालतं ते उड्डाणपुलांचं. बसची मार्गिका हवी की नको, यावर दुमत असू शकतं. पण रेलिंग निघाल्यावर जी जागा मोकळी होते, तिच्यातली दोन मीटर तरी पायी माणसाची, हे आजच मागून घेतलं पाहिजे. डांबर पडल्यावर कोणी देत नाही.

आणि आपण चालत नाही, असंही नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री सारं इंदूर पायी असतं. गिरण्यांच्या झाक्यांची ही परंपरा शंभर वर्षांच्या घरातली. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. गिरण्या बंद पडल्या, कामगारांनी वर्गणी काढून झाक्या चालू ठेवल्या. जेल रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार, राजवाडा. परदेशीपुऱ्याची मुलं आणि मल्हारगंजच्या आजी एकाच ओटल्यावर बसून पहाट करतात. पूर्वेकडचं गिरणगाव आणि पश्चिमेकडचं जुनं शहर वर्षातून एक रात्र जोडलं जातं.

हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी मार्गी लागले. तोवर कित्येक जण निवर्तले होते. त्या सुमारे ४२ एकर जागेवर आता दाट झाडी उभी आहे आणि तिथे बांधकामाचे बेत आहेत. बांधकाम व्हायचं तर होवो. पण भिंतीला भिंत लावून नको. मधून झाडांखालची, सर्वांना खुली अशी एक वाट राहिली, तर ज्यांच्या बापानं तिथे पाळी केली त्या मुलांना पलीकडे जायला वळसा पडणार नाही. माझ्या मते त्या जागेवर त्यांचा एवढा हक्क नक्कीच आहे.

व्यापारी म्हणतील, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कसं येईल? छप्पन दुकानवाल्यांना विचारा. २०२० मध्ये तिथली वाहनं बंद केली. आज बसायला जागा मिळत नाही. सराफ्यात तर दुकानं मिटली की रात्री चालणाऱ्यांचंच राज्य असतं, आणि भुट्ट्याचा कीस खायला कोणी मोटार आत आणत नाही. पुण्याला गेलात की जंगली महाराज रस्त्याचा नवा फुटपाथ बघा. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यानं सायकली घालवल्या आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा केला. त्यातूनही शिकण्यासारखं आहे. मे महिन्याच्या उन्हाचं काय, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. म्हणून सावलीशिवाय फुटपाथ बांधूच नये, आधी कडुनिंब लावावा.

२२ सप्टेंबर २०२३ ला इंदूरमध्ये ‘नो कार डे’ झाला, ऐन गणेशोत्सवात. असा एक दिवस महापालिका ठरवू शकते. बाकीच्या दिवसांसाठी आपल्याला काही करता येईल, ते सांगून थांबतो. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जमू. एक वही, एक मोजपट्टी. जोडीला एक आजी आणि एक शाळकरी मूल असलंच पाहिजे, कारण ती ज्या जागी थांबतील ती जागा लिहायची आहे. रामबागेपर्यंत चालू: फुटपाथ कुठे तुटला, दिवा कुठे नाही, कुठे ओलांडता येत नाही, सगळं लिहू. ती यादी मंडळाच्या पत्रासोबत महापालिकेत आणि आपल्या नगरसेवकांकडे देऊ, आणि दिवाळीनंतर तीच वाट पुन्हा चालून काय बदललं ते तपासू. पोहे-जिलेबीची सोय कार्यकारिणीनं मान्य केली आहे. नावं जाताना चिटणीसांकडे द्या.