मैलाचा दगड आणि खंडीचा भाव

नागपूर येथे विधानभवनाजवळ जो शून्य मैलाचा स्तंभ उभा आहे, त्याच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदली गेली असून तेथील मानक उंचीखुणेचे वर्ष १९०७ आहे. स्तंभावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, शिवनी ७९ मैल अशी अंतरेही कोरलेली आहेत. हे सर्व आकडे ज्या परिमाणांत आहेत ती, म्हणजे मैल आणि फूट, इंग्रजी राजवटीबरोबर या प्रदेशात आली आणि जमीनमोजणीच्या साखळीबरोबर गावोगाव पोहोचली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ मध्ये मद्रासजवळ १०० फुटांच्या पोलादी साखळीने करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला आणि त्याची कबर तेथेच आहे, ही गोष्ट विदर्भात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

परिमाणवाचक शब्द परका राहिला की घरचा झाला, हे ओळखण्याची विश्वसनीय खूण व्याकरणात सापडते. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते त्यास सामान्यरूप म्हणतात. ‘दूध’ या शब्दाचे जसे ‘दुधावर’ होते, तसेच ‘फूट’ या शब्दाचे ‘दोन फुटांवर’ होते, म्हणजे दीर्घ ऊकार ऱ्हस्व करण्याचा मराठीचा नियम या इंग्रजी शब्दाने निमूटपणे स्वीकारला आहे. ‘मैल’ या शब्दाचे ‘मैलावर’ आणि ‘इंच’ या शब्दाचे ‘इंचाने’ होते. याउलट किलोमीटर हा शब्द अजून उंबरठ्यावरच आहे, कारण दोन ‘किलोमीटरवर’ गाव आहे असे सर्वजण म्हणतात, ‘किलोमीटरांवर’ असे सहसा कोणी म्हणत नाही. वजने व मापे यांविषयीचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. तेव्हापासून रस्त्यावरील दगड किलोमीटरचे झाले, तरी वाक्प्रचारात मात्र तो मैलाचाच दगड राहिला. हेक्टर हा शब्द या बाबतीत विशेष भाग्यवान ठरला. ‘माणशी’ या शब्दात दर माणसामागे असा अर्थ देणारा जो ईकार आहे, तो ‘एकरी’ या शब्दाला पूर्वीच लाभला होता. शेतीविषयक सरकारी मदतीच्या भाषेने तोच ईकार हेक्टरला लावला आणि ‘हेक्टरी’ हा शब्द तयार झाला.

‘भर’ या शब्दयोगी प्रत्ययाने तर या शब्दांचा अर्थच पालटला आहे. मूठभर, पसाभर, वीतभर यांत मापाबरोबर मापणाऱ्या माणसाचे शरीरही दिसते. इंग्रजीतील फूट हा शब्दही मुळात पावलाचेच नाव होय, परंतु मराठी कानाला त्यात पाऊल ऐकू येत नाही. तरीही ‘फूटभर पाणी साचले’ असे म्हणताना कोणी पट्टी लावून पाहिलेले नसते, आणि ‘इंचभर जागा सोडणार नाही’ यात इंच हे लांबीचे माप उरत नसून हट्टाचे माप होते. शासकीय पट्टीवरचा नेमका आकडा अशा रीतीने पुन्हा अंदाजाच्या भाषेत परत येतो, आणि भाषेच्या दृष्टीने ही तिची मोठी जीवनशक्ती मानली पाहिजे.

बांधकामाच्या व्यवहारात रेती, गिट्टी आणि मुरूम आजही ‘ब्रास’ या मापाने विकले जातात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कायदा घनमीटर लिहितो, ट्रकवाला ब्रास सांगतो.

सर्वाधिक समृद्ध उदाहरण अर्थातच कापसाचे आहे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि सुताच्या जाडीबारकाईची गिरण्यांतील इंग्रजी मोजणी येथील विणकरांच्याही बोलण्यात रुळली. ‘चाळीस काउंटचे सूत’ म्हणजे ज्याच्या प्रत्येकी ८४० यार्डांच्या चाळीस लडी एका पौंडात बसतात ते सूत. म्हणून आकडा जितका मोठा तितके सूत बारीक, हे नवख्यास उलटे वाटते. त्याच कापसाचे माप प्रत्येक टप्प्यावर बदलते. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, आणि क्विंटल हा शब्द मुळात लॅटिनमधून अरबीत व तेथून युरोपात गेलेला आहे. सरकी काढलेल्या रुईची गाठ १७० किलोंची बांधली जाते. मात्र रुईचा भाव खंडीवर ठरतो. खंडी हे वीस मणांचे जुने देशी माप आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते उचलले, त्यांच्याकडून ते इंग्रजीत ‘कँडी’ या रूपाने गेले आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद झाली. पुढे मुंबईच्या कापूसबाजारात ही कँडी ७८४ पौंडांची ठरली, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. पौंड गेला, दशमान आले, आणि आजही विदर्भातील जिनिंगमालक सकाळी फोनवर रुईचा भाव विचारतो तो ३५६ किलोंच्या खंडीचाच असतो.