लेकराला सांभाळायचं, तर आईचाही हात धरा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



गटात कुणाचा हप्ता थकला की आपण लगेच विचारतो. पण एखादी ताई डोळ्याखाली काळंनिळं घेऊन बैठकीला आली, तर "तिच्या घरचं आहे" म्हणून गप्प बसतो. त्याच घरात एक लेकरू खाटेखाली दडून सगळं ऐकत असतं. मग ते झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, शाळेला नको म्हणतं. त्याच्यावर कुणी हात उचलला नाही, तरी मार त्यालाही लागतोच.

आपल्या कितीतरी लेकी घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला दिल्यात. तिथल्या एका खोलीच्या घरात लेकरानं लपायचं तरी कुठं? मार खाल्लेली बाई सहसा पोलिसांत जात नाही, पण लेकराचा ताप घेऊन दवाखान्यात जाते. हे ओळखून मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. पुढे घाटकोपरच्या राजावाडीसह पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. तिथं समुपदेशक ताई ऐकून घेतात, कायद्याची वाट दाखवतात. लेकीला हे सांगून ठेवा.

बाई बोलत नाही, कारण तिला वाटतं, "तक्रार केली तर पोरं काढून घेतील." तिला सांगा, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं न्यायालय मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतं आणि मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. लेक माहेरी आली असेल, तर अर्ज आपल्या भागातल्या न्यायालयातही करता येतो. वकील मोफत मिळतो.

आपल्यातल्या काही जणी गावच्या बाल संरक्षण समितीवर आहेत. तिथं पहिला प्रश्न येतो, "आईनं लेकराला का नाही वाचवलं?" बायांनो, आधी विचारा, मारलं कुणी? कितीतरी आया लेकराच्या आड उभ्या राहून स्वतः मार खातात. अशा आईला दोष दिला, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि लेकरू त्याच घरात राहील.

मग करायचं काय? तिला एकटीला गाठून विचारा. नवऱ्यासमोर, चारचौघांत नको, नाहीतर रात्री तिलाच भोगावं लागतं. कागदपत्रं, थोडे पैसे, लेकरांचे कपडे कुणाकडे ठेवायचे ते ठरवा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना कुणीही कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कायद्यानं दोष येत नाही. लेकरासाठी १०९८, बाईसाठी १८१, जिवावर बेतलं तर ११२.

हे तीन नंबर आज गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि जी ताई आज आली नाही, तिच्या घरी उद्या कुणीतरी जाऊन या.