रमाईचे दुःख आणि आपल्या घरची बाळंतीण

(रमाई जयंतीच्या कार्यक्रमात संस्थेच्या महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण, छत्रपती संभाजीनगर)



दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईंचा त्याग आठवतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. आज आम्हाला थोडे वेगळे बोलायचे आहे. रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली, १९२६ साली राजरत्न गेला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. याला आपण नशीब म्हणत नाही. नशीब मानणे आपण १९५६ साली सोडले. अपुरे अन्न, चाळीतली कोंदट खोली, एकामागून एक बाळंतपणे आणि विश्रांतीचा अभाव, ही कारणे होत.

राजरत्न गेल्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तो भार बव्हंशी सरकारने उचलावा, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती कायद्यातही त्यांनी सुधारणा घडवून आणल्या. १९६१ साली केंद्रीय कायदा झाला आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की, मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर हा हक्क लागू होतो. 'तू ठेकेदाराची बाई, तुला रजा नाही' असे कोणी म्हटले तर ते खरे मानू नका. पगारातून ई.एस.आय. कापले जात असेल तर प्रसूतीचा लाभ तिकडून मिळतो. त्यासाठीही कामाच्या दिवसांची अट आहे, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

पण सिडकोत धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा वाहणारी, कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी आपली बहीण कोणाकडे रजा मागणार? तिच्यासाठी सरकारी दवाखान्यातली मोफत प्रसूती आहे. सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि गाडीसुद्धा २०११ पासून मोफत आहे. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. पैसे थोडे आहेत, अर्जाच्या चकरा फार आहेत. तरी सोडू नयेत.

आता घराकडे येऊ. सरकारशी भांडणे त्या मानाने सोपे असते.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. रीत चांगली आहे, लेकीला विसावा मिळतो. पण नोंदणी मुकुंदवाडीत, कार्ड कपाटात आणि लेक कन्नडला किंवा सिल्लोडला, असे आम्ही नेहमी पाहतो. ऐनवेळी तिचे रक्त किती, बी.पी. किती, तिथल्या नर्सला काहीच माहीत नसते. म्हणून तीन महिन्यांच्या आत नोंदणी करा आणि कार्ड लेकीच्या पिशवीत ठेवा. रक्तवाढीच्या लाल गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. शौचास काळे होते म्हणून घाबरून बायका त्या टाकून देतात. काळे होणे धोक्याचे नाही. गोळी चहासोबत मात्र घेऊ नये, अंगी लागत नाही. बाळ जन्मल्यावर पहिला पिवळसर चीक पिळून टाकणे, मध चाटवणे, गुटी उगाळणे हे थांबले पाहिजे. सहा महिने आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. पाचवी पुजणे आपण सोडले, मग चीक टाकणे का धरून ठेवले, हे आम्हाला कळत नाही.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. वस्तीतल्या एका सुनेला दुसरी मुलगी झाली. आम्ही बाळंतविडा घेऊन गेलो. ती रडत होती. आम्ही म्हणालो, "अगं, बाळ सुखरूप आहे, रडतेस काय?" तिने डोळे पुसले. आम्हाला वाटले, समजूत पटली. ती फक्त आमच्यासमोर रडायची थांबली होती. तिसऱ्या आठवड्यात ती मध्यरात्री बाळाला घरी ठेवून रुळाच्या बाजूने चालत निघाली. शेजारच्या पोराने ओळखले म्हणून परत आणता आली. पुढे घाटीत मानसोपचार विभागात उपचार झाले, आज ती बरी आहे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येते आणि आपोआप थांबते. दोन आठवड्यांच्या पुढे उदासी राहिली, झोप उडाली, बाळाजवळ जावेसे वाटेना, तर तो आजार आहे. त्याला औषध आहे. १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. तिला भूत लागलेले नसते, ती नखरेही करत नसते.

भगवान बुद्धांना विहारात एक आजारी भिक्खू घाणीत पडलेला दिसला. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याला अंघोळ घातली. घरात कमावती बाई बाजेवर पडली की आपण तिच्याकडे कसे पाहतो?

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळ-बाळंतिणीची तपासणी सुरू केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका.

पाणी भरणे, लंगोट धुणे, रात्री बाळाला घेऊन बसणे ही नवऱ्याची कामे आहेत. विद्यार्थी मित्रांनो, हसू नका. दोन-चार वर्षांत तुमची पाळी आहे.

यंदा विहारात आम्ही एक वही ठेवली आहे. वस्तीत कोणाला दिवस गेले, कितवा महिना, माहेर कोठे, एवढेच तीत लिहायचे. प्रत्येक नावापुढे आपल्यापैकी दोघींची नावे राहतील. तपासणीला सोबत जायचे आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना आठवड्यातून दोनदा घरी जायचे. जाऊन फार बोलायचे नाही. आधी भांडी घासायची, मग ती काय सांगते ते ऐकायचे. कार्यक्रम संपल्यावर आम्ही वही घेऊन दाराजवळ बसणार आहोत.

जय भीम.