उजव्या हातावरची 'आई'



सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटे मैदानावर गेलात, तर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातावर 'आई' गोंदलेलं असतं. जत्रेत मशीनवाल्यासमोर हात धरला की काम झालं. पण ही दोन अक्षरं डाव्या हातावर आहेत की उजव्या, एवढ्यावरून पुढे नोकरी जाऊ शकते.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांना गोंदणाचं वावडं नाही. देवाचं चिन्ह चालतं, नाव चालतं. मात्र ते डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर हवं, आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवं. सॅल्यूट उजव्या हाताने करतात, म्हणून उजव्या कोपराखालचा भाग कोरा लागतो. लष्कराचं वेगळं. तिथे दोन्ही हातांची कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची पाठ चालते. इतर कुठेही कायमचं गोंदण असलं की उमेदवार बाद. आदिवासी समाजात परंपरेने चेहऱ्यावर, अंगावर गोंदतात, त्यांचा विचार लष्कर स्वतंत्रपणे करतं, आणि ते योग्यच आहे.

आता गंमत बघा. उजव्या मनगटाजवळ आतल्या बाजूला 'आई' असलेला मुलगा लष्कराला चालतो आणि बीएसएफच्या मेडिकलला 'अनफिट' ठरतो. कॉन्स्टेबलच्या भरतीत चोवीस मिनिटांत पाच किलोमीटर पळून आलेला असला, तरीही! दंडावर वाघ काढला असेल तर दोन्हीकडे दार बंद. असे वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत.

मग मुलं लेझरकडे धावतात. शाई कातडीच्या आतल्या थरात बसलेली असते. लेझरने तिचे बारीक कण होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. एका बैठकीत हे होत नाही. बऱ्याच बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये काही आठवडे थांबावं लागतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर हटते, हिरवी-पिवळी चिवट. आपल्या सावळ्या कातडीवर पांढुरका डाग किंवा वण राहण्याचा धोका वेगळाच. इकडे कॉन्स्टेबलसाठी खुल्या प्रवर्गाची वयाची मर्यादा तेविसाव्या वर्षी संपते. ॲसिड, चुना असले घरगुती प्रयोग तर कृपा करून नकोत.

हे नियम मला काही ठिकाणी फार ताठर वाटतात. सॅल्यूटच्या हातावर आईचं नाव असल्याने वर्दीचा कोणता अपमान होतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण निदान ते छापलेले आहेत. भरतीची जाहिरात नीट वाचणाऱ्याला ते आधी कळतात.

खासगी नोकरीत हीच सोय नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातली समान संधी सरकारी नोकरीपुरती आहे. खासगी मालकाने गोंदण पाहून नकार दिला, तर त्याला अडवणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. मुलाखत छान होते, मानेवरच्या फुलपाखराकडे दोनदा नजर जाते आणि 'आम्ही कळवतो' एवढंच ऐकू येतं. कारण कुणी सांगत नाही. जाहिरात संस्थेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत एरवी कुणी ढुंकून पाहत नाही, पण गिऱ्हाईकासमोर बसायचं काम आलं की तिथेही भुवया उंचावतात. हॉटेलच्या स्वागतकक्षात तर बाहीच्या लांबीवरही नजर असते. मला सैन्यातला कडक नियम परवडला, ही गुळमुळीत नापसंती नको.

तेव्हा हातावर, मानेवर गोंदण असलेल्यांना माझं एक सांगणं. मुलाखतीला पूर्ण बाहीचा शर्ट घालायला हरकत नाही, पण नेमणुकीचं पत्र घेण्याआधी गोंदण चालेल का, हे मनुष्यबळ विभागाला सरळ विचारा. शक्यतो ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल.