डोंगरमाथ्यावरची बॅटरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पोलिसांच्या गाडीत किंवा वनरक्षकाच्या हातात खरखरणारा वॉकी-टॉकी आपण पाहिलेला असतो. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की बोलणं तिथंच अडतं. म्हणून उंच माथ्यावर रिपीटर बसवतात. खालून आलेला क्षीण आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुढे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. वीज न पोचलेल्या माथ्यावर हे यंत्र दिवसा सौर पॅनेलवर आणि रात्री बॅटरीवर चालतं.

आता आपला अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा. क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आणि घाटघर-रतनवाडीचा कोसळता पाऊस. दुसऱ्या टोकाला पाथर्डी-जामखेडचा तापलेला माळ. एका जिल्ह्याला दोन आभाळं! पण बॅटरी मागवताना दोन्हीकडे एकच माप लावायचा मोह होतो, आणि घोटाळा तिथंच होतो.

थोडा हिशेब करू. समजा, बारा व्होल्टचा रिपीटर नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर घेतो आणि बोलणं पुढे पाठवताना आठ. दिवसात सहा तास बोलणं झालं, तर त्याचे ४८ आणि उरलेल्या अठरा तासांचे ९, मिळून ५७ अँपिअर-अवर. घाटमाथ्यावर श्रावणात पाच-पाच दिवस सूर्य दिसत नाही, पॅनेल नावापुरतं चालतं. म्हणजे २८५ अँपिअर-अवर साठा हवा. शिसे-आम्लाची बॅटरी नेहमी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून त्याच्या दुप्पट. घरच्या इन्व्हर्टरला असते तशा दीडशे अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या झाल्या. शिवाय आभाळ उघडल्यावर रोजचा खर्च भागवून रिकामा साठा भरून काढील, एवढं पॅनेलही हवं.

पण हा झाला शांत दिवसांचा हिशेब. दरड कोसळली, पूर आला, की सहा तासांचं बोलणं बारा तासांवर जातं. खर्च दिवसाला १०२ अँपिअर-अवर होतो आणि पाच दिवसांचा साठा तीन दिवसही पुरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. त्यानं परत येऊन सांगितलं तेव्हा जगाला कळलं. सह्याद्रीत बातमी अशी अडकून पडते ती नेमकी पावसाळ्यात, बॅटरी सर्वांत थकलेली असते त्या दिवसांत.

माळरानावर दुखणं वेगळं. तिथं ऊन भरपूर, पण पत्र्याच्या पेटीत बॅटरी भाजून निघते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. पेटीवर सावली आणि खालून-वरून हवा खेळती ठेवली, तरी पैसे वसूल. पाणी मात्र डिस्टिल्डच घालावं, विहिरीचं नव्हे. (हे सांगावं लागतं!)

लिथियमच्या बॅटऱ्या वजनाला निम्म्याहून हलक्या आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येतात. पन्नास-साठ किलोचं धूड खांद्यावर घेऊन कडा चढणाऱ्याला त्यांचं मोल विचारा. किंमत जास्त आहे, हे खरं. तरी घाटमाथ्यासाठी मी त्यांच्याच बाजूनं मत देईन.

बिनखर्चाचे उपायही आहेत. प्रत्येक बोलण्यानंतर रिपीटर काही सेकंद उगाच चालू राहतो. ती शेपटी छाटावी. प्रक्षेपणाची शक्ती निम्मी केली तरी पल्ला निम्मा होत नाही, थोडाच घटतो. आणि बोलणाऱ्यांनी आटोपशीर बोलावं.

एक चाचणी मात्र मे महिन्यातच करावी. पॅनेलची वायर काढून यंत्र पूर्ण दिवस-रात्र बॅटरीवर चालवायचं, मग भार काढून काही तास विसावा देऊन व्होल्टेज मोजायचं. भरलेली बॅटरी सुमारे १२.७ दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास. एका दिवसातच ती तिथवर आली, तर नवी आताच वर न्यावी. जूनमध्ये पाऊलवाट निसरडी झाल्यावर ते ओझं वर चढत नाही.