पियानो आणि पंगत

‘बूगी-वूगी’ म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचा नाचाचा कार्यक्रम आठवतो. मूळ बूगी-वूगी मात्र पियानो वाजवण्याची एक रीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ती घडवली.

काही वर्षांपूर्वी एका मेजवानीत मला गझला सादर करायला बोलावलं होतं. साथीला एक तबलजी होता. मी म्हणतोय आणि समोर रश्श्याच्या वाट्या फिरताहेत. एका शेराला जोरदार ‘वाहवा’ आली. ती मला होती की मटणाला, हे अजून कळलेलं नाही. जेवण आणि कला एकत्र नांदू नयेत, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं. बूगी-वूगीची हकिकत वाचली आणि ते डळमळलं.

१९२०च्या दशकातलं शिकागो. दक्षिणेतून पोटासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. पगार तुटपुंजा, घरभाडं भरमसाट. भाड्याची तारीख जवळ आली की घरातच पार्टी ठेवायची. दारात थोडे पैसे घ्यायचे, मासे तळायचे आणि कुणाला तरी पियानोवर बसवायचं. वाजवणाऱ्याला खाणंपिणं आणि चार नाणी. त्या गोंगाटात त्यानं एकट्यानं अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करायचं. म्हणून डावा हात आगगाडीसारखा एका चालीत धावत राहतो आणि उजवा त्यावर मनसोक्त खेळतो. गझलेच्या भाषेत सांगायचं तर डावा हात रदीफ सांभाळतो, उजवा दर वेळी नवा खयाल मांडतो.

अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स ल्यूइस हे या कलेतले उस्ताद. दोघांनीही शिकागोत टॅक्सी चालवली. संगीताचे जाणकार जॉन हॅमंड यांनी १९३०च्या दशकात ल्यूइसना शोधून काढलं, तेव्हा ते मोटारी धूत होते. २३ डिसेंबर १९३८ रोजी हे दोघे आणि कॅन्सस सिटीचे पीट जॉन्सन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसले.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात ‘कॅफे सोसायटी’ सुरू झालं. मालक बार्नी जोसेफसन, पूर्वी बुटांच्या दुकानात काम केलेले. त्या काळी नावाजलेल्या कॉटन क्लबात मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक, असा रिवाज होता. जोसेफसननी तो मोडला. इथं कुणीही यावं, कुठंही बसावं. बिली हॉलिडे गात, हे तिघे पियानो वाजवत, आणि गोरे-काळे शेजारी शेजारी बसून जेवत. १९४०चं दशक संपता संपता ते तळघर बंद पडलं. पण तोवर हे जमतं, एवढं लोकांनी पाहिलं होतं.

तेव्हा जेवणानं कलेचा अपमान होतो, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. भाड्यासाठी तळलेल्या माशांच्या वासातच ही कला वाढली. अपमान होतो तो पंगतीत कुणाला बसवायचं नाही, हे ठरवल्यानं.

त्या मेजवानीत माझं पान पाहुण्यांत मांडलं होतं. तबलजी मात्र मागच्या अंगणात, वाढप्यांबरोबर जेवला. वाट्यांच्या खणखणाटाचा राग मी इतकी वर्षं धरला. त्या पानाबद्दल मात्र तेव्हा एक शब्द बोललो नाही.