टॅब सगळ्यांचा, पिन जिचा तिचा

ताईंनो, ग्रामसंघाच्या टॅबमागं पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली मी बऱ्याच गावांत बघते. सोय होते, खरंय. पण कर्जफेडीची नोंद चुकली की 'मी नाही केली' असं सगळ्याच म्हणणार, आणि संशय लेखापाल ताईवर!

बऱ्याच अँड्रॉइड टॅबच्या सेटिंग्जमध्ये 'मल्टिपल युजर्स' असतं. तिथं लेखापाल आणि सचिव, दोघींचं वेगळं खातं उघडा. पोरं व्हिडिओसाठी रडतातच, त्यांना 'गेस्ट' द्या. लेखापाल बदलली तर फायली उतरवून तिचं खातं डिलीट करा, नाहीतर त्याही पुसल्या जातील. राग कसला? पेटीची किल्लीही आपण परत घेतोच ना!

आणि समूहाच्या बँक खात्याला कुणाच्या मुलाचा नंबर जोडलाय का, तेही बँकेत विचारून या. ओटीपी त्याच नंबरवर जातो.